भुवयांवरून ऐकणारे हिरामण बुवा

हिरामण बुवांना डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही आणि उजव्याने अगदी थोडं, हे मला कळलं तेव्हा मृणालीच्या गाण्याच्या पहिल्या परीक्षेला जेमतेम महिना उरला होता. खारबावच्या या माणसाने तीस वर्षं कापडाच्या लूमवर काढली, कान तिथेच राहिले. आणि मी माझी मुलगी त्यांच्या हाती सोपवून निवांत बसले होते! निवांत म्हणजे माझ्या मानाने.

मी लगेच बुवांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. यमन गाताना मुद्दाम गंधार कोमल लाव, असं मृणालीला बजावलं. तिने लावला. बुवांची पेटी थांबली.

"गंधार का गं पाडलास?"

"बुवा, तुम्हाला ऐकू आलं?" मी विचारलं.

"न्हाय, दिसला. भुवया खाली आल्या तिच्या."

लूमच्या खडखडाटात कुणाचं बोलणं कानावर पडत नाही, तोंड बघूनच काम चालतं. बुवा सूरही तसेच शिकवत. "यमनात तीव्र मध्यम आला की हनुवटी वर जाते, दारात कोन आलंय बघावं तशी. काफीत गंधार-निषाद कोमल, म्हंजे कपाळाला आठी. भूपात मध्यम न्हाय, निषाद न्हाय. शुक्रवारी लूम बंद असले की धामणकर नाका कसा मोकळा व्हतो, ताई? तसं कपाळ."

गुरू बदलायला वेळ नव्हता. उरलेला महिना मीही शिकवणीला बसले.

परीक्षेच्या दिवशी मी दारात उभी होते. परीक्षक बाईंनी पेटीवर सूर वाजवले. "राग ओळख." मृणालीने सवयीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते कोरं. मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

"काफी."

बरोबर! मला रडूच यायचं बाकी होतं.

दुसरा राग वाजला. पुन्हा माझ्याकडे नजर. "काफी." तो भूप होता. तिसरा यमन, तोही काफी.

बाकीचं नीट गायली म्हणून पास झाली. बुवांना सांगितलं तर ते पेटीवर डोकं टेकून हसले.

"पोरीची चूक न्हाय, ताई. तुमच्या तोंडावर दुसरा राग हाय कुठं?"

आता गुरुवारी मृणालीनंतर अर्धा तास माझा असतो. चार महिने भूप गाते आहे. बुवा कपाळाकडे बघतात आणि मान हलवतात, "गंधार अजून कोमलच दिसतोय."