टँकरचा अर्धा तास

पहिला फटका टँकरच्या रबरी पाइपाचा होता. तो माझ्या भावाच्या पाठीवर बसला तेव्हा पाइपातलं उरलंसुरलं पाणी उडालं आणि दोन बायकांनी नकळत घागरी पुढे केल्या.

दुष्काळात सहकारी कारखान्याचं गाळप बंद होतं. कारखान्याचा टँकर गावाला पाणी आणायचा, भाऊ तो चालवायचा. विहीर तीस किलोमीटरवर. जाताना रिकामा टँकर ताशी साठने पळायचा. येताना भरलेला, खड्ड्यांतून, ताशी वीसने. पाणीवाटप सोसायटीकडे होतं. तिच्या चेअरमनने साठ आणि वीस मिळवून दोनाने भागलं. सरासरी चाळीस; म्हणजे जाऊन येऊन दीड तास. विहिरीवर भरायचा वेळ सोडला तरी भावाला दोन तास लागायचे.

"अर्धा तास कुठं जातो बे?" चेअरमन ओरडला. "तुमच्या वस्तीच्या हौदात?"

"भरल्याली गाडी हाय, पळत न्हाई," भाऊ म्हणाला.

आमची बौद्ध वस्ती गावाच्या तोंडाशी, टँकरच्या वाटेवरच होती. लोकांना तेवढं पुरलं. पुढचा फटका लोखंडी पान्याचा, कानामागे.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. गर्दीत घुसून मी ओरडले, "वेगांची सरासरी काढू नका! सगळ्या अंतराला सगळ्या वेळाने भागा. जायला अर्धा तास, यायला दीड. दोनच तास होतात. सरासरी तीस येते!"

"बाई, शाळा उद्या भरवा," कुणीतरी म्हणालं. माणसं हसली. हसत हसतच त्यांनी भावाला चाकापाशी पाडलं आणि लाथांनी तुडवलं.

चेअरमन मात्र बोटांवर काहीतरी मोजत राहिला होता. अचानक तो किंचाळला, "थांबा रे! बाईंचं बरोबर हाय."

तोवर भावाच्या कानातून रक्त वाहत होतं. गावात दुसरी गाडी नव्हती. भरलेल्या टँकरने तालुक्याचा दवाखाना वेळेत गाठणं शक्य नव्हतं.

"कॉक सोडा, पाणी जाऊ द्या," मी म्हणाले.

बायका कॉकसमोर उभ्या राहिल्या. "लेकरं तहानल्यात, बाई. सांडू न्हाई देणार. भरून घेतो, लगेच."

आणि त्या भरू लागल्या. एकेक घागर, गळ्यापर्यंत. रांग मोडली, झिंज्या धरल्या गेल्या, एकीचा हात पत्र्याने फाटला. केबिनमध्ये भावाचं डोकं मांडीवर घेऊन मी त्याचा श्वास ऐकत होते. माझ्या शेजारणीने माझ्या घरचीही घागर भरून ठेवली.

मग चेअरमन स्वतः चालवायला बसला. रिकामा टँकर सुसाट निघाला, पण तो वस्ती ओलांडायच्या आतच मांडीवरचा श्वास ऐकू येईनासा झाला आणि मी चेअरमनला सावकाश घ्यायला सांगितलं.