सरांच्या कानाचा नंबर

आमच्या ट्यूशनच्या ग्रुपवर तो मेसेज आला तेव्हा मी दुकानात एका बाईंचा नंबर काढत होतो. नई सडकेवर माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी एकच प्रश्न विचारतो, हे स्पष्ट की हे? बाई म्हणाल्या, "दोनों एक जैसे लग रहे हैं, भैया." मी काच बदलली आणि फोन उघडला. सरांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. जुन्या मुलांनी मिळून त्यांना इअरबड्स द्यायचं ठरवलं आहे. सरांना आता जवळजवळ ऐकू येत नाही, कानाचं मशीन ते लावत नाहीत, म्हातारा दिसतो म्हणतात. इअरबड्स लावायला तयार आहेत, कारण ते नातू पण लावतो. तर त्यातला आवाज सरांच्या कानाप्रमाणे बसवून द्यायचं काम माझ्यावर सोपवण्यात आलं होतं. "तूच कर यार, तुला ह्या सगळ्याचा शौक आहे," असं एकाने लिहिलं होतं, आणि त्याखाली अंगठ्यांची रांग.

शौक कसला डोंबलाचा. तो का लागला हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने वाढदिवसाला मला इअरबड्स दिले. मी गाणं लावलं आणि म्हणालो, छान आहे, पण बाई उजवीकडे उभी राहून गातेय. मुलगी म्हणाली, "बाबा, ती मधोमध आहे." तिने माझ्या कानातले काढून स्वतःच्या कानात घातले, परत म्हणाली, मधोमध. आम्ही चक्क भांडलो. पन्नाशीला आलो तरी माझी समजूत होती की गाणारा माणूस उजवीकडेच असतो, डावीकडे फक्त तबला-बिबला चालू असतो. मग तिने फोनमधली तपासणी लावली. बारीक शिट्ट्या वाजतात, ऐकू आली की बोट टेकायचं. शेवटी पडद्यावर दोन रेषा आल्या. उजवी बऱ्यापैकी सरळ. डावी मध्यापर्यंत तिच्याबरोबर चालली आणि मग धाडकन खाली गेली.

कानाच्या डॉक्टरांनी आत बत्ती टाकून पाहिलं. डाव्या कानाच्या पडद्यावर जुना व्रण आहे म्हणाले. "नक्की सांगता येणार नाही, पण लहानपणी काही लागलं होतं का?"

लागलं होतं. बारा वर्षांचा होतो. दाना ओली नावाच्या गल्लीत सरांच्या घरी, पहिल्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत, आम्ही वीस-बावीस मराठी मुलं सतरंजीवर बसायचो. शाळा हिंदीत, पाढे हिंदीत. सरांचा कटाक्ष असा की इथे पाढे मराठीतच म्हणायचे, नाहीतर तुमची पोरं उद्या आडनावं तेवढी मराठी लावतील. सतराचा पाढा चालला होता. सतरा त्रिक एक्कावन्न झालं, आणि सतरा चोकला माझ्या तोंडून 'अड़सठ' निघून गेलं. सर समोरच उभे होते. उजव्या हाताने त्यांनी जी लगावली ती डाव्या कानावर सपाट बसली. मला आठवतं ते असं की मुलांची तोंडं हलत होती आणि हसण्याचा आवाज येत नव्हता. पुढे कित्येक दिवस कान वाहायचा. आई कोमट तेल घालायची आणि म्हणायची, सरांनी मारलं म्हणजे तुझंच काहीतरी चुकलं असेल.

डॉक्टरांकडून आल्यावर मी सहा महिने त्या ऍपच्या मागे लागलो. जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत आठ पट्ट्या, प्रत्येक वरखाली करायची. डाव्या बाजूच्या वरच्या पट्ट्या चढवल्या, तर 'स' आणि 'श' सुईसारखे टोचायला लागले. जरा उतरवल्या. खालची धमक कमी केली, तर मधला आवाज मोकळा झाला. डाव्या कानाचं रबर एक माप मोठं घातलं. हे स्पष्ट की हे, स्वतःलाच विचारत बसायचो. आणि एका दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, ती गाणारी बाई हळूच सरकली आणि माझ्या डोक्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. तिने श्वास घेतलेला मला ऐकू आला. मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. आवाज असा असतो, आणि तो सगळ्यांना फुकटात मिळत होता, आणि माझा एका माणसाने एका आकड्यापायी हिरावून घेतला होता.

त्यानंतर एका मुंजीत सर भेटले. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, सतरा चोकपासून डॉक्टरांपर्यंत. त्यांनी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं, "हं, हं, छान, छान" म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद! मी जेवायला न थांबता निघून आलो.

म्हणून ग्रुपवर मी लिहिलं, करतो. सेवा-बिवा काही नाही. मला एकच गोष्ट हवी होती: माझं म्हणणं त्या माणसाच्या कानात शब्दन् शब्द जावं, आणि ऐकू नाही आलं म्हणायची पळवाट त्याला राहू नये. त्यासाठी त्याचे कान मला दुरुस्त करावे लागले तरी चालेल.

रविवारी सकाळी गेलो. तीच खोली, आता सोफा आहे आणि कोपऱ्यात फ्रिज. सर बनियनवर बसले होते, हातावरची कातडी लोंबायला लागलेली. काकूंनी चहा ठेवला आणि माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, "आलास, बरं झालं! ह्यांच्याशी बोलून माझा तर गला बसला रे!" दिवसभर ओरडून त्यांचा आवाज तसाच झाला होता.

मी रबरं बदलून पाहिली, माप ठरवलं आणि इअरबड्स माझ्या फोनला जोडले. त्यात आधी माझीच सेटिंग लागली. सर दचकले, डाव्या कानावर हात दाबून म्हणाले, "अरे, ह्या बाजूला कोण बोंबलतंय?" मी म्हणालो, "चुकून माझं लागलं, सर." तेव्हाच सांगायला हवं होतं. की सर, मला हे बोंबलणं वाटत नाही, मला हे दोन्ही बाजूंना सारखं वाटतं, आणि ती तुमची कृपा आहे. पण मी फोनमध्ये मान घालून सेटिंग बदलत बसलो. दोन मुलांचा बाप, नई सडकेवर माझ्या नावाची पाटी, आणि मी तिथे बारा वर्षांचाच झालो. स्वतःचीच मला किळस आली.

मग तपासणी लावली. शिट्टी ऐकू आली की हात वर करा, असं कागदावर लिहून दाखवलं. सर डोळे मिटून बसले आणि उजवा हात वर करायला लागले. तो हात वर जाताना पाहायला मला बरं वाटलं नाही. दोन्ही कान झाले. मी मुद्दाम फोन माझ्याकडे वळवून पाहिलं. दोन रेषा, दोन्ही वरून खाली हळूहळू उतरत गेलेल्या, एकमेकींना चिकटून. वयाने दोन्ही कानांतून सारखंच नेलं होतं. ह्या माणसाच्या कानाला जन्मात कुणी हात लावला नव्हता. ते पाहून माझ्या मनात जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तरी काम मी चोख केलं. इतकं चोख मी माझ्या स्वतःच्या कानाचंही केलं नव्हतं. बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय चालू केली. गाणी लावली नाहीत, मला त्यांना गाणी ऐकवायची नव्हती. काकूंना दारात उभं करून पंचांग वाचायला लावलं, साध्या आवाजात. "हे स्पष्ट की हे, सर?" खालच्या पट्ट्या उतरवल्या, पंख्याची घरघर गेली. मधल्या चढवल्या. 'त' आणि 'प' वेगळे ऐकू येईनात, म्हणून वरची एक अजून चढवली, मग फार कर्कश झाली म्हणून अर्ध्यावर आणली. दीड तास हे चाललं. शेवटी काकू पाठमोऱ्या होऊन स्वैपाकघरातून काहीतरी पुटपुटल्या आणि सर म्हणाले, "मीठ कमी आहे तर घाल ना, मला काय विचारतेस?" काकू पळी हातात घेऊन बाहेर आल्या आणि रडायला लागल्या. मी चपला घातल्या आणि निघालो.

समारंभ पुढच्या रविवारी संध्याकाळी होता, एका कार्यालयात. एक्क्याऐंशी दिव्यांनी औक्षण झालं, चांदीच्या चंद्राची पूजा झाली. सर नवी पगडी घालून खुर्चीत, दोन्ही कानांत पांढरे इअरबड्स. मग मनोगतं सुरू झाली, आणि मला ठाऊक होतं तेच झालं. आमच्यात ही एक रीतच आहे. सरांचा विषय निघाला की जो तो आपण किती मार खाल्ला ते सांगतो, आणि ज्याने जास्त खाल्ला त्याचा मान मोठा. पहिला उठला तो मोठा वकील. "सरांनी मला ऐसा धुतला, ऐसा धुतला, म्हणून आज इथे उभा आहे." टाळ्या. दुसरा बँकेतला. "माझ्या पाठीवर सरांची सही आहे, साहेब." हशा. एकाने तर सरांच्या हातापुढे डोकं टेकवलं आणि म्हणाला, हा हात नव्हे, परीस आहे. सर प्रत्येक शब्द ऐकत होते, हसत होते, मान डोलवत होते. माझी पट्टी न् पट्टी बरोबर बसली होती.

"आणि ज्याने सरांना कान दिले!" असं म्हणून माझं नाव पुकारलं.

मी माईक घेतला. ह्या वेळी आवाज निघाला. "सर, बारा वर्षांचा असताना मी सतरा चोक अडुसष्ट हिंदीत म्हणालो. तुम्ही माझ्या डाव्या कानावर मारलं. पडदा फाटला. तेव्हापासून त्या कानाने मला अर्धंच ऐकू येतं. मी तुम्हाला धन्यवाद द्यायला आलेलो नाही."

अख्खं कार्यालय हसलं. वकील उठून टाळ्या वाजवायला लागला. "वा, क्या बात है! ह्याने तर सगळ्यांना मागे टाकलं!" मागून कुणीतरी ओरडलं, "सरांचा हात!" आणि पुन्हा टाळ्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तिथे उभा राहून सत्तर-ऐंशी शहाण्या माणसांचे हसरे चेहरे पाहत होतो, आणि त्यांतल्या एकानेही काहीही ऐकलं नव्हतं.

सर हसत नव्हते. त्यांनी बोटाने मला जवळ बोलावलं. मी गेलो आणि वाकलो, तर त्यांनी माझी हनुवटी धरून माझं तोंड वळवलं आणि उजव्या कानाशी तोंड आणलं. सगळ्यांना वाटलं आशीर्वाद देताहेत, फोटो निघाले.

"मला आठवत नाही रे," सर म्हणाले. "तू सांगतोस तर खरंच असेल. पण आठवत नाही. इतके होते."

मग त्यांनी मान उचलून समोर बसलेल्यांकडे पाहिलं, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, आणि मला विचारलं, "ह्यांचे कान कुणी तपासलेत का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही इअरबड्स काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. पुढचा वक्ता उठला होता. तो सरांनी त्याला खिडकीबाहेर कसं टांगलं होतं ते सांगायला लागला, सर त्याच्याकडे पाहत मान हलवत राहिले, आणि मी पाया न पडता खाली उतरलो.