मनीषाला दिलेले दोन पास

वैशालीला मी खोटं सांगितलं होतं, आणि ती नाशिक सोडून गोव्याला निघाली त्या दुपारीही मी ते तसंच राहू दिलं.

वैशाली माझी धाकटी बहीण. गोव्यातल्या एका क्लबाने तिला पगारावर फुटबॉल खेळायला बोलावलं होतं. आमच्या मखमलाबादची मुलगी तोवर सासरी जायची, फार तर डी.एड.ला जायची; बॉलला लाथ मारायला कुणी गेली नव्हती. गोव्याची गाडी पुण्याहून होती; पुण्याच्या एसटीपाशी आप्पा कंडक्टरला सांगत होते, "पोरगी बॉल खेळायला चाललीय. पगार देणारेत तिला. जरा ध्यान ठेवा." कंडक्टर म्हणाला, "पगार? मग माझंबी नाव सांग बाई तिथं." सगळे हसले. तेवढ्यात शाळेतले खेळाचे सर सायकलवरून आले. वैशाली आप्पांच्या पाया पडली, आईच्या पडली, माझ्याही. सरांच्या पडली नाही. "येते सर," एवढंच म्हणून बसमध्ये चढली. सर हात हलवत राहिले. त्यांना कारण माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आमची फुलशेती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. लहानपणी वैशाली झेंडूच्या सरीतून चेंडू पायाने ढकलत धावायची. रोप मोडलं की आईचा धपाटा ठरलेला, म्हणून ती रोपाला धक्का न लावता वळायला शिकली. पुढे मैदानावर दोन-दोन मुली तिच्या अंगावर धावून यायच्या आणि ती त्यांच्यामधून अशी निघून जायची की त्या एकमेकींकडे बघत राहायच्या. सर गावात सगळ्यांना सांगायचे, "ही पोरगी गोल दिसला की विचारत बसत नाही, मारते. हे शिकवून येत नाही." तिच्यासमोर मात्र ते असं कधी बोलले नाहीत. कौतुकाने पोरं शेफारतात, असं त्यांचं मत होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ती बारावीत असताना जिल्ह्याची अंतिम मॅच होती, आणि राज्याच्या संघासाठी मुली निवडायला माणसं येणार होती. दसरा तोंडावर आला होता. आमचा सगळा झेंडू नाशिकच्या फूलबाजारात एकाच अडत्याकडे जायचा. त्याची पुतणी मनीषा वैशालीच्याच संघात होती. मॅचच्या आदल्या सकाळी माल उतरवताना तो मला म्हणाला, "तुमची वैशी एकटीच पळती राव. आमच्या मनीषाच्या पायालाबी बॉल लागू द्या की जरा. घरचेच हाये ना आपण." दराबद्दल तो काही बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. दसऱ्याचा झेंडू दुपारनंतर कुणी विचारत नाही, आणि कुणाच्या गोण्या लिलावाला आधी फोडायच्या हे तोच ठरवायचा.

वैशालीला खरं कारण सांगितलं असतं तर तिने मला उडवून लावलं असतं. म्हणून मी म्हणालो, "सर मला म्हणाले, वैशाली हावरट खेळते. निवड करणाऱ्यांना असली पोरगी चालत नाही. उद्या गोलापाशी पोचलीस की मनीषाला दे." तिने विचारलं, "सर असं म्हणाले?" मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दोनदा गोल तिच्यासमोर उघडा होता. दोन्हीदा तिने चेंडू मनीषाला दिला, आणि मनीषाने दोन्ही गोल केले. मनीषाची निवड झाली, वैशालीची नाही. दसऱ्याला आमच्या गोण्या सगळ्यांच्या आधी फुटल्या. पुढच्या उन्हाळ्यात मनीषाचं लग्न झालं आणि तिचा खेळ सुटला.

वैशालीने सोडला नाही. पुढची दोन वर्षं ती पहाटे फुलं तोडून कॉलेजला गेली, संध्याकाळी मुलांच्यात खेळली, सरांना टाळत राहिली, आणि एका खुल्या स्पर्धेत गोव्याच्या त्या क्लबाच्या नजरेत भरली. घरातल्या कुणीही तिच्यासाठी कुठे शब्द टाकला नव्हता.

ती गेल्यावर थोड्याच महिन्यांत मीही निघालो, मस्कतला. एका हॉटेलच्या बागेवर लागलो, आता सुपरवायझर आहे. वाळूत लॉन जगवतो, मल्याळी आणि बांगलादेशी पोरांशी मोडकी हिंदी बोलतो. साइटवरचं 'खल्ली वल्ली', म्हणजे 'जाऊ दे, सोड', तोंडात बसलंय. फोनवर निघून जातं आणि आई विचारते, हे काय बोलतोस. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना ठाऊक आहे, शुक्रवारी फोनचं कार्ड खरवडायचं आणि आधी कुणाला लावायचा ते ठरवायचं. मी वैशालीला लावायचो.

पहिल्या सीझनला ती अडखळत होती. गोलासमोर पोचायची आणि पास द्यायची. कोच वैतागला होता. गोल न मारणाऱ्या फॉरवर्डला पगार कशाचा, असंच चाललं तर परत पाठवीन, असं त्याने तिला सांगितलं होतं. ती मला विचारायची, "दादा, मी खरंच हावरट होते का रे?" तेव्हाही मी "सोड ना आता" म्हणून आप्पांच्या गुडघ्यांवर बोलायला लागायचो.

तिला परत पाठवलं नाही. त्यात माझा हात नव्हता. सराव संपून सगळ्या गेल्या की ती मैदानात एकटीच थांबायची. पास द्यायला कुणी नसायचं, तेव्हा मारावंच लागायचं. उजव्या पायाने, मग डाव्या पायाने. सीझनच्या शेवटी तिचे गोल व्हायला लागले. क्लबाने तिला पुढच्या वर्षी ठेवलं, त्याच्या पुढच्याही. म्हापशाच्या खोलीत राहून ती कोकणी बोलायला लागली. तिच्या मॅचच्या गोष्टी मी मस्कतला कामगारांच्या कॅम्पमध्ये सगळ्यांना सांगायचो, आणि सांगताना छाती फुगायची, तेवढ्यात ती दुसरी गोष्ट आठवायची.

मागच्या रजेत मुंबईला उतरलो तो नाशिकला न जाता थेट गोव्याकडे निघालो. आईला फोन केला तर म्हणाली, "आधी घरी नाय यायचं का रे?" मी म्हणालो, "घरीच चाललोय." बोलून गेलो आणि माझं मलाच नवल वाटलं. मखमलाबादला आमच्या शेजारच्या वावरात रो-हाऊस उभे राहिलेत, माझी खोली कंपनीची, वैशालीची भाड्याची. मला दादा म्हणणारं माणूस जिथे आहे ते घर, असं हल्ली वाटतं. आणि त्याच घरात मी चोरासारखा वावरत होतो.

गोव्यात पोचलो त्याच दिवशी तिची मॅच पाहिली. उत्तरार्धात तिच्या डावीकडे एक मुलगी मोकळी होती, हात वर करून ओरडत होती. वैशालीने तिच्याकडे बघितलंही नाही. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. मुलीने कपाळावर हात मारून घेतला. थोड्या वेळाने तीच मुलगी पुन्हा मोकळी, आणि वैशालीने पुन्हा स्वतःच मारला. या वेळी जाळी हलली. मी उभा राहून ओरडत होतो हे मला नंतर कळलं.

मॅच संपल्यावर ती कडेच्या गवतात बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. मी म्हणालो, ती मुलगी मोकळी होती, दिला नाहीस? ती हसली. "सर म्हणाले होते ना, हावरट. म्हटलं, हावरट तर हावरट. एवढी वर्षं त्यांच्यावरच चिडून मारतेय मी."

मी तिच्या शेजारी बसलो.

"वैशाली, सर तसं कधीच म्हणाले नव्हते. ते गावभर तुझं कौतुक करायचे. ते मी रचलं होतं. अडत्याच्या पुतणीला चेंडू मिळावा म्हणून, दसऱ्याला आपला माल आधी जावा म्हणून. तुझी निवड मी घालवली, आणि तुझे सरही मीच तोडले. चुकलो मी. मला माफ कर."