मशीन म्हणालं, उपाशी हाय

सुनंदाताईंचं नाव आधी घेते. त्या नसत्या तर आज गावापासून इतक्या लांब, पुण्यात, माझी नोकरी नसती. आता काय झालं ते सांगते.

भूतबाधा, झपाटणं... असलं सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसते. सातवीत शाळा सुटली, अक्कल नाही सुटली.

आमच्या कंपनीचं ‘बोलणारं मशीन’ शेतकऱ्यांना पिकाचा सल्ला देणार होतं. पण मशीन तयारच नव्हतं! म्हणून साहेबांची युक्ती — परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीच्या शाळेत एका खोलीत टॅब ठेवायचा, लोकांना सांगायचं हे मशीन आहे, बोला. आणि भिंतीपलीकडे लपून मी. मी त्याच जिल्ह्यातल्या वालूरची, इथली बोली कळते, म्हणून घेतलेली. प्रश्न हेडफोनवर ऐकून मी बटण दाबायचं, की पुण्यातल्या एका मुलीच्या आवाजात भरलेलं उत्तर टॅबमधून वाजायचं. भलताच प्रश्न आला तर एकच बटण — ‘माफ करा, मला समजलं नाही.’ लोक कसे बोलतात ते बघायला एवढा खटाटोप, पण साहेबांना स्वतः त्यांच्याशी बोलायला नको. याला म्हणे रिसर्च.

दुपारी शाळेशेजारच्या गयामावशी आल्या. कपाशीवरच्या अळीचं विचारलं, उत्तर ऐकलं. मग टॅबलाच म्हणाल्या, “बाई, कवाची बोलायलीस. जेवलीस का?”

मी माफीचं बटण दाबणार... त्याआधीच टॅबमधून, त्याच पुणेरी आवाजात —

“न्हाई मावशी, सकाळपासून उपाशी हाय.”

असं वाक्य भरलेलंच नव्हतं. आणि सकाळपासून उपाशी होते ती मी! साहेबांना जेवणाची आठवण फक्त स्वतःपुरती.

मीच आवाज बदलून बोलले असं समजून साहेब तणतणत आत आले. “गंमत वाटते का? सगळी टेस्ट वाया! उद्यापासून येऊ नकोस.”

गावातली माणसं जमवून आणणाऱ्या, परभणीच्या सुनंदाताई माझ्या शेजारीच हेडफोन लावून बसल्या होत्या, त्या उठल्या. “सर, ती बोलली न्हाई. मी इथंच हाय ना! तोंड मिटलेलं, बटणाला बोट बी लागलं न्हवतं. तिला काढायचं तर मलाबी काढा.”

“बरं, राहू दे तिला,” साहेब म्हणाले. ताईंशिवाय त्यांना गावात कुत्रं विचारत नव्हतं.

तेवढ्यात मावशी घरून भाकरी-ठेचा घेऊन आल्या आणि टॅबपुढे ठेवून म्हणाल्या, “खा गं.” साहेब हसले — “युजर कन्फ्यूज्ड!” मावशी गेल्यावर ताईंनी ती भाकरी आणून माझ्यापुढे ठेवली.

पुण्यात इंजिनिअरांनी सगळं तपासलं. म्हणाले, “बग असेल, सॉफ्टवेअरमधली चूक.” बगला माझी भूक कशी कळली, विचारलं तर मीटिंगला पळाले. एवढं शिकून हे उत्तर! मला तर आजही कळलेलं नाही.

नोकरी आहे, धाकधूकही आहे. पण ताई, माझी स्वतःची खोली झाली की तव्यावरची पहिली भाकरी तुमच्या ताटात. “जेवून आले” म्हणालात तरी ऐकणार नाही.