फोटोच्या मागचं नाव

चामराजपेटच्या आमच्या कलर लॅबचा मालक दर सोमवारी एक फोटो दर्शनी काचेत लावायचा. एका सोमवारी मी काढलेला लावला! बांगड्यांच्या रांगेआडून दिसणारा बांगडीवालीचा चेहरा! नव्वदीच्या त्या दशकात मला याहून मोठं काय हवं होतं? मी नाचायचाच बाकी होतो. तेवढ्यात शेजारचे अण्णा आले. ते लग्नांचे फोटो काढायचे, आणि ही कल्पना मी त्यांच्याच एका जुन्या फोटोवरून उचलली होती.

"झकास! कसं सुचलं रे?"

"असंच, अचानक," मी ठोकून दिलं.

"सरी," अण्णा कानडीत 'बरं' म्हणाले. "मला मात्र नव्हतं सुचलं. माझा तसला जुना फोटो मी आमच्या गुरूंचं बघून काढला होता. फोटोमागे त्यांचं नावही लिहिलंय."

ते गेल्यावर मी काचेतला फोटो काढून उलटा केला. मागे माझंच नाव होतं, आनंदाच्या भरात खाली दोन रेघा ओढलेलं.