मेंढ्याच्या मापानं माणसाचं औषध

लोहाऱ्याकडच्या धुळाप्पा धनगराची अक्कल निजामाच्या राज्यात मावत नव्हती. उर्दूची दोन बुकं शिकल्यानं डॉक्टरसुद्धा त्याला बरोबरीचाच वाटायचा.

त्याच्या धाकट्या भावाचा, बिराप्पाचा पाय मोडला. डॉक्टर मुनवरसाहेबांनी पाय बांधला, ठणक्यासाठी अफूचं औषध दिलं अन् बजावलं, "ह्याच्याबरोबर दुसरं काय देऊ नका."

मग धुळाप्पाच्या अकलेनं करायचं काय? बिथरलेला मेंढा शांत करायची मुळी त्याच्यापाशी व्हती. मेंढ्याला बोटभर पुरायची. बिराप्पा तीन मेंढ्यांएवढा, म्हणून त्यानं तीन बोटं मुळी उकळून अफूवर पाजली.

सकाळी बिराप्पा हाकेला ओ देईना. श्वास मंद, ओठ निळे. धुळाप्पानं बैलगाडीतनं दवाखाना गाठला.

"आणखी काय दिलं?" डॉक्टरांनी इचारलं.

चूक कबूल करण्यापरीस धुळाप्पानं जीव दिला असता. पण जीव चालला व्हता भावाचा.

"मुळी, साहेब. म्याच दिली. मेंढ्याच्या मापानं."

"आदमी है ये, मियाँ! आता ह्याला झोपू देऊ नका. हलवा, सारखं बोलत ऱ्हावा."

एवढं सोपं काम त्याला जन्मात कुणी दिलं नव्हतं. त्यानं तहसीलदाराला उर्दूत कसं गप केलं ते सांगितलं, सात लांडगे एकट्यानं कसे पिटाळले ते चारदा सांगितलं. दिवस कलला तवा बिराप्पाचे ओठ हलले.

"दादा, लांडगा एकच व्हता. अन् तुमी झाडावर व्हता."

"व्हय रं बाबा," धुळाप्पा डोळे पुसत म्हणाला, "एकच व्हता."