लोंढेबाईंची कानडी

प्रियदर्शनी लोंढे म्हणजे बोलण्यावर जगलेली बाई. फलटणच्या ख्रिस्ती मंडळीत त्या कितीतरी वर्षं धर्मसेविका होत्या. धर्मसेविका म्हणजे घरोघर जाऊन प्रार्थना घ्यायची, दवाखान्यात आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, भांडलेल्या सासवासुनांना एका चटईवर आणायचं. मयताच्या घरी सगळे गप्प झाले की कुणीतरी हळूच म्हणायचं, "लोंढेबाईंना बोलवा." बाई यायच्या, पाणी प्यायच्या आणि बोलायला लागायच्या. लग्न केलेलं नव्हतं. मंडळी, शेजारपाजार आणि शेजारची शिलाईवाली शाहजादी हाच त्यांचा संसार.

दोन वर्षांमागे सांगलीच्या वार्षिक सभेत बदल्या जाहीर झाल्या. चर्चच्या मंडळाचे अध्यक्ष नानासो यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, "हिरेकट्टीला लोंढेबाई."

हिरेकट्टी म्हणजे जत तालुक्याच्या पार टोकाचं गाव. कर्नाटकाची हद्द चालत गाठता येते. तिथले पाळक निवृत्त झाले होते आणि कुणी जायला तयार नव्हतं. एकाच्या बायकोची नोकरी आडवी आली, दुसऱ्याला शुगर निघाली. बाईंना नवरा नव्हता आणि शुगरही नव्हती.

बाई उभ्या राहिल्या. "नानासो, तिथं उपासना कानडीत होते. मला कानडीतला एक शब्द येत नाही."

"असं कसं? तुम्ही मूळच्या मिरजेच्या ना? तिकडं निम्मा बाजार कानडीत चालतो."

"बाजार चालत असेल. आमच्या घरात चालत नव्हता."

सभेत हशा पिकला. नानासोही हसले आणि पुढच्या विषयाकडं वळले. बाई खाली बसल्या.

फलटणला परतल्यावर शाहजादीनं मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं. "आगं, मग न्हाई म्हण की. काय करत्यात?"

"सेवेत न्हाई म्हणता येत नाही."

"त्या दोघांना येतंय वाटतं," शाहजादी म्हणाली आणि पुन्हा मशीन चालू केली.

हिरेकट्टीत पाऊल ठेवल्याबरोबर बाया भोवती जमल्या. "बर्री, कूडरी," म्हणाल्या, म्हणजे या, बसा. एवढं बाईंना हातवाऱ्यांवरून कळलं. पुढचं काहीच कळलं नाही. शाळेतली पोरं मराठी बोलायची, पुरुषांना तुटकी यायची. पण ज्यांच्यासाठी बाईंना धाडलं होतं त्या घरातल्या बाया आणि म्हाताऱ्या निव्वळ कानडी. बाई हसून मान हलवायच्या. मान हलवून हलवून दुखायची. पाठीमागं त्यांना "मूकी" म्हणतात, हे त्यांना महिन्याभरात समजलं. आपल्याला, मूकी! फलटणमध्ये हे सांगितलं असतं तर कुणाचा विश्वास बसला नसता.

उपासनेत भाषांतराला सुभेदार नाथाजी होते. मंडळीच्या कारभारी वडीलधाऱ्यांपैकी एक, पलटणीतून निवृत्त, कानडी, मराठी, हिंदी तिन्ही बोलणारे. पहिल्या रविवारी बाई क्षमेवर बोलल्या. फलटणमध्ये याच बोलण्यावर माणसं रडली होती. माणूस राग का धरून ठेवतो, सोडला की छाती कशी हलकी होते, असं त्या रंगून सांगत गेल्या. थांबल्या, तेव्हा सुभेदारांनी कानडीत एकच वाक्य म्हटलं. लोकांनी माना डोलावल्या.

बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, "सुभेदार, मी एवढं बोलले आणि तुम्ही एकच वाक्य?"

"मतलब तोच निघतो बाई. एकमेकाला माफ करा. तेच सांगत व्हता न्हवं तुमी?"

बाईंनी नानासोंना फोन लावला, बदली मागितली. नानासो म्हणाले, धीर धरा. पुढच्या महिन्यात पुन्हा लावला, तेव्हा त्यांनी उचलला नाही.

मग चिडूनच बाईंनी ठरवलं, शिकायचं. गावात पिठाची गिरणी होती, बाळाप्पा आणि चंद्राबाई या नवराबायकोची. चंद्राबाईला सगळे चंद्रव्वा म्हणायचे. तीही मंडळीतलीच. तिला जत्रेतली, बाजारातली थोडी मराठी यायची आणि मुख्य म्हणजे ती बाईंना हसायची नाही. बाई रोज दुपारी गिरणीत जाऊन बसू लागल्या. ज्वारी दळली जायची, पीठ उडायचं आणि त्या आवाजात चंद्रव्वा ओरडून शब्द सांगायची. नीरु, पाणी. मने, घर. बाई ओरडून परत म्हणायच्या. निम्मं ऐकू यायचं, निम्मं अंदाजानं धरायच्या. एकदा गावात म्हातारी वारली तेव्हा बाईंनी विचारलं, "रडू नका, हे कसं म्हणायचं?" चंद्रव्वानं डब्यावरून हात न काढता सांगितलं. बाईंनी ते पाठ केलं.

पुढच्या उन्हाळ्यात बाळाप्पा अचानक गेला. सकाळी मोटर चालू करायला वाकला तो उठला नाही. बाई धावत गेल्या. घर पाहुण्यांनी भरलं होतं. चंद्रव्वा भिंतीला डोकं आपटून रडत होती. बाईंनी तिला जवळ घेतलं, तिचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आळबेडरी, चंद्रव्वा. आळबेडरी."

चंद्रव्वाचं रडणं एकदम थांबलं. तिनं बाईंच्या तोंडाकडं पाहिलं. सगळं घर गप्प झालं.

बाईंना वाटलं, लागला शब्द. हिरेकट्टीत आल्यापासून पहिल्यांदाच आपलं बोलणं कुणाच्या तरी काळजाला भिडलं. त्या दिवशी घरी जाताना, दुःखाचा दिवस असूनही, त्यांची पावलं हलकी पडत होती.

काही दिवसांनी त्या गिरणीत गेल्या तर तिथं अर्जुना बसलेला. बाळाप्पाचा भाऊ. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला. बाई चंद्रव्वाच्या घरी गेल्या. बाईंना बघून ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. बाई उंबऱ्यावरून परत फिरल्या. दुःख आहे, त्यांनी मनाशी म्हटलं. दुसऱ्या वेळी दार उघडलंच नाही.

शेवटी त्यांनी सुभेदारांना गाठलं. "चंद्रव्वाला काय झालंय? आणि गिरणी तर तीच चालवायची. तो अर्जुना तिथं कसा?"

सुभेदारांनी त्यांच्याकडं नवलानं पाहिलं. "आवं, तुमीच तर सांगितलं तिला."

"काय सांगितलं?"

"राज्य करू नको म्हणून. मालकी गाजवू नको. साऱ्या पावण्यांदेखत बोलला की तुमी."

"मी रडू नको म्हणाले!"

"ते अळबेड," सुभेदार म्हणाले. "अ आखूड. तुमी म्हणला आळबेड. आ लांबवला की अर्थ झाला, राज्य करू नको. अर्जुना तेच धरून बसला. भावकीच्या बैठकीत म्हणला, चर्चची बाईसुद्धा सांगती, हिच्या हातात कारभार नको."

"आणि तुम्ही? तुम्ही तिथंच उभे होता ना?"

"मला वाटलं तुमी इचार करून बोलला. पाळकाच्या जागेवरचं माणूस. त्यात मी कोण?"

"माझ्या तासाभराच्या बोलण्याचं तुम्ही एक वाक्य करता," बाई म्हणाल्या, "आणि जे एक वाक्य सुधारायचं होतं तेवढंच जसंच्या तसं सोडलंत?"

बाई तिथून निघाल्या त्या थेट चंद्रव्वाच्या घरी. दार वाजवलं. उघडेना, तर खिडकीतून हाक मारली. काय म्हणावं ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून नुसतं "गिरणी, गिरणी" म्हणत राहिल्या. चंद्रव्वा बाहेर आली ती बहुधा शेजारी गोळा होऊ नयेत म्हणून. बाईंनी तिचं मनगट धरलं आणि तिला भर उन्हातून ओढत नेलं.

गिरणीत बाया डबे घेऊन उभ्या होत्या. बाईंनी अर्जुनाला हातानंच खूण केली, बंद कर. त्यानं मोटर बंद केली. बाई कानडीत म्हणाल्या, "नंदु तप्पु." माझी चूक. हे बरोबर आलं. मग म्हणाल्या, मी हिला सांगितलं... आणि रागाच्या भरात पुन्हा तोंडातून गेलं, "आळबेड."

बाया फिस्सकन हसल्या. अर्जुना तर हात जोडून म्हणाला, "बघा, आजबी तेच म्हणत्यात."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते संतापाचं. उभा जन्म शब्दांवर काढला आणि आज एका अक्षरापुढं हात टेकायची पाळी. त्यांनी ओठ मिटले. पदराचं टोक घेतलं, चंद्रव्वाचे डोळे पुसले आणि अ अगदी तुटक ठेवून म्हणाल्या, "अळबेड." मग अर्जुनाच्या कमरेच्या किल्ल्यांकडं बोट केलं, मान जोरानं नकारार्थी हलवली आणि म्हणाल्या, "आळबेड अल्ल. चंद्रव्वा आळबेकु!" म्हणजे राज्य करू नको असं नव्हे, चंद्रव्वानं राज्य केलंच पाहिजे.

आता कुणी हसलं नाही. एक म्हातारी मोठ्यानं काहीतरी बोलली, दुसरीनं तिला साथ दिली. अर्जुना म्हणाला, "बाई, ही घरची गोष्ट हाय. तुमी मधी पडू नका."

"पडलेच आहे मी मध्ये," बाई मराठीतच ओरडल्या. "तुम्हीच मला मध्ये घेतलं. माझं नाव घेऊन किल्ल्या घेतल्या ना? मग माझ्यादेखतच द्या."

अर्जुनानं किल्ल्या दिल्या नाहीत. पण चंद्रव्वा पुढं झाली, त्याला बाजूला सारलं, मोटरचं बटण दाबलं आणि पहिल्या बाईचा डबा घेऊन दळायला लागली. एवढ्या बायांसमोर अर्जुनाला तिचा हात धरता येईना. तो निघून गेला. किल्ल्या मात्र पुढं दोन-तीन महिने त्याच्याकडंच राहिल्या; कुलूप तो उघडायचा, दळायची ती. भावकीत बरीच बोलाचाली झाली, तेव्हा कुठं त्या परत आल्या.

सगळं गोड झालं असं नाही. त्या दिवशी गर्दी ओसरल्यावर चंद्रव्वा बाईंना बराच वेळ काहीतरी बोलली. भरभर, खालच्या आवाजात, पिठानं माखलेले हात झाडत. त्यात राग होता, की उपकार मानणं होतं, की दोन्ही, हे बाईंना समजलं नाही. मध्येच "देवरु" ऐकू आलं, म्हणजे देवाचं काही होतं. पुन्हा सांग म्हणायचा त्यांना धीर झाला नाही, सुभेदारांना विचारायची इच्छा नव्हती. आता चंद्रव्वा गिरणी चालवते, बाईंना ज्वारी दळून देते. पण शब्द शिकवायला पूर्वीसारखं बसवून घेत नाही.

बाईंनी बदलीचा अर्ज आणखी एकदा केला. मंडळानं कळवलं, तुमचं काम तिथं चांगलं चाललंय, अजून दोन वर्षं राहा. हे वाचून त्यांनी शाहजादीला फोन केला आणि अर्धा तास मराठीत बडबड करून घेतली. शाहजादी फक्त "व्हय, व्हय" करत राहिली.

आता सुभेदारांचं भाषांतर बाईंनी बंद केलंय. छोट्या प्रार्थना त्या स्वतः कानडीत करतात. गिरणीच्या प्रकरणापासून गावानं मात्र एक ठरवून टाकलंय: बाई चुकल्या की तिथंच दुरुस्त करायचं, मग प्रार्थना चालू असली तरी. गेल्या रविवारी त्या डोळे मिटून आजाऱ्यांसाठी मागणं करत होत्या, तर मागच्या रांगेतून एक म्हातारा खणखणीत आवाजात शब्द सांगून मोकळा झाला. बाईंनी डोळे उघडले, त्याच्याकडं रागानं पाहिलं, शब्द नीट म्हटला आणि पुन्हा डोळे मिटले.